प्रश्नावली कोणाच्या हाती?

दलित समाजाविषयी बोलायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता आकड्यांचा आधार घेतो. भूमिहीन किती, शाळा सोडणारी मुले किती, पक्क्या घरात राहणारी कुटुंबे किती, हे सांगताना तो अहवालाचे नाव घेतो, वर्ष सांगतो आणि सभा ते मान्य करते. हा आकडा जन्माला कोठे आला, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो दिल्लीच्या कार्यालयात किंवा मुंबईच्या मंत्रालयात जन्मत नाही. तो कोणाच्या तरी उंबऱ्यावर जन्मतो. एक माणूस विचारतो, दुसरा सांगतो, पहिला ते लिहून घेतो. अहवालाची सारी इमारत या तीन क्रियांवर उभी असते. त्यांत विचारणारा कोण, कोठून आलेला, त्याला मोबदला कसा मिळतो आणि त्याच्याकडे सांगणारा कोणत्या नजरेने पाहतो, यावर आकड्याचे खरेखोटेपण ठरते.

मी विचारणाऱ्यांपैकी एक आहे. वीस वर्षांहून अधिक काळ मराठवाड्यात, विदर्भात आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मी पाहणीचे काम केले. कागदोपत्री आम्हांला अन्वेषक म्हणतात, गावात ‘सर्व्हेवाले’ म्हणतात. आमच्या या धंद्याला इतिहास आहे आणि त्या इतिहासाशी आपल्या समाजाचे नाते फार जुने आहे. शंभर वर्षे आपण फक्त मोजले जात होतो. मोजणाऱ्याच्या जागी आपली मुले आली ती फार उशिरा. ती आली तेव्हा त्या जागेचे काय झाले होते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

शिरगणती ब्रिटिशांनी आणली. १८७२ साली पहिली गणती झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी नियमाने होऊ लागली. लिहिता येणारा माणूसच प्रगणक होऊ शकत होता, आणि त्या काळी लिहिणे कोणाच्या मक्त्यात होते हे या वाचकांना सांगायला नको. महारवाड्याची नोंद महारवाड्याबाहेरचा माणूस करीत असे. तो वस्तीत किती आत जाई आणि किती गोष्टी वेशीवर उभा राहूनच लिहून घेई, याची कल्पना आपण करू शकतो.

१९११ च्या गणतीच्या वेळी एक महत्त्वाची गोष्ट घडली. हिंदू म्हणून मोजल्या जाणाऱ्यांत खरे हिंदू कोण, हे पाहण्यासाठी काही कसोट्या ठरविण्यात आल्या. ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व न मानणारे, वेदांचे प्रामाण्य न मानणारे, देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना प्रवेश नाही, ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो, जे प्रेते पुरतात, जे गोमांस खातात, अशा जातींची वेगळी नोंद करण्यास अधिकाऱ्यांना सांगण्यात आले. कारकुनी सोयीसाठी केलेली ही यादी. पण बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात याच यादीचा उपयोग पुराव्यासारखा केला आणि अस्पृश्यतेचे मूळ शोधले. दुसऱ्याने दुसऱ्याच हेतूने विचारलेला प्रश्न आपल्या हाती आला, की त्यातून आपला इतिहासही उलगडता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आकड्याला राजकीय मोल आले, की मोजणी कशी बदलते तेही बाबासाहेबांनी दाखविले आहे. अस्पृश्यांची संख्या १९३० पर्यंत फारशी वादाची नव्हती. पण संख्येवर जागा ठरणार हे दिसताच, १९३२ च्या लोथियन समितीपुढे, आमच्या प्रांतात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे सांगणारे पुढे आले. कित्येक ठिकाणी गणतीतला आकडा एकदम काही पटींनी खाली आणण्यात आला. माणसे तीच होती, विटाळही तोच होता. बाबासाहेबांना त्या समितीत स्वतंत्र टिपण जोडावे लागले.

बाबासाहेब स्वतःही पाहणीच्या कामासाठी हिंडले होते, ही गोष्ट आपण फारशी ध्यानात घेत नाही. अस्पृश्य व आदिवासी यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. १९२९ साली समितीच्या कामानिमित्त ते खानदेशात गेले आणि सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या एका बहिष्काराची चौकशी करून चाळीसगावला परतले. स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. महाराला टांग्यात बसवून हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी टांगा मिळाला, पण तो हाकायला टांगेवाला आला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने, हाकण्याची सवय नसताना, तो हाकला. पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. सरकारी समितीचा सभासद, बॅरिस्टर, कोलंबियाचा डॉक्टर. पण चौकशी करणाऱ्याची जात त्याच्या आधी स्टेशनवर पोहोचली होती. आमच्या धंद्याचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले प्रकरण मी चाळीसगावच्या या पुलावरून सुरू करीन.

दुसरे प्रकरण सातासमुद्रापलीकडचे आहे. १८९६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने फिलाडेल्फिया शहरातील काळ्या लोकांची पाहणी करण्याचे ठरविले. शहराच्या बिघाडाचे खापर काळ्या वस्तीवर फोडण्याची तेथील सुधारकांना घाई होती. हे काम डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या तरुण काळ्या विद्वानाकडे आले. हार्वर्डची डॉक्टरेट असलेला हा माणूस पत्नीसह त्याच वस्तीत राहायला गेला आणि सातव्या वॉर्डातली घरे त्याने स्वतः, एकेक करून, पालथी घातली. त्या वॉर्डात ९६७५ काळी माणसे होती. आपला कोणी अभ्यास करावा हे त्या लोकांना रुचले नव्हते, हे त्याने पुढे स्वतःच नमूद केले आहे. १८९९ साली ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ हा त्याचा ग्रंथ निघाला. काळ्यांच्या दैन्याची कारणे त्यांच्या रक्तात शोधण्याची प्रथा होती. त्याने ती मजुरीत, भाड्यात आणि बंद दारांत शोधून दाखविली. आणि या माणसाची नोकरी? ती एका वर्षाची हंगामी नेमणूक होती. विद्यापीठाने त्याला वर्गात शिकवू दिले नाही. काम संपताच तो अटलांटाला गेला. बाबासाहेबांनी १९४६ साली याच ड्युबॉइसना पत्र लिहून, नीग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाविषयी विचारणा केली होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले त्याच्या पाव शतक आधीची ही गोष्ट आहे. शास्त्रशुद्ध पाहणीच्या एका आद्य पुरुषालाही कायम नोकरी मिळाली नाही, हे पाहणीच्या कामाकडे वळणाऱ्या आपल्या पदवीधरांनी लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रात पाहणीची परंपरा मोठी आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी दख्खनमधल्या एका खेड्याची पाहणी १९१७ साली आणि दुसऱ्या खेड्याची १९२१ साली प्रसिद्ध केली. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करविली. स्वातंत्र्यानंतर महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. महालनोबिसांनी बंगालमध्ये ताग पिकाच्या पाहणीपासूनच एक युक्ती वापरली होती. एकाच भागात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, त्यांवर दोन वेगळे अन्वेषक पाठवायचे आणि दोघांचे आकडे ताडून पाहायचे. विचारणारा बदलला की उत्तर बदलू शकते, ही गोष्ट शास्त्राने अशी मान्य केली. पण विचारणाऱ्याची जात बदलली की काय बदलते, हे ताडून पाहण्याची निकड प्रस्थापित संशोधनाला वाटली नाही.

ती निकड आपल्याला वाटायला हवी, कारण महाराष्ट्रातच त्याचा मोठा दाखला आहे. १९५१ च्या गणतीत महाराष्ट्रात बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९५६ ची दीक्षा झाली आणि १९६१ साली ही संख्या २७ लाख ९० हजारांच्या घरात गेली. इतिहासात असा आकडा क्वचितच सापडेल. पण त्याच १९६१ साली राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण ५.६ टक्क्यांवर आलेले दिसते, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीखच असू शकत होता. बौद्ध म्हटले की अनुसूचित यादीतून नाव गेले. सवलत हवी तर हिंदू म्हणा. ‘बौद्ध’ म्हणून ठामपणे सांगणारा माणूस आणि ‘म्हणजे महारच ना?’ असे विचारून लिहिणारा प्रगणक, यांच्यातील झगडा गावोगावी झाला आहे. १९७१ साली हे प्रमाण ६ टक्के होते, १९८१ साली ७.१. पुढे १९९० साली कायदा बदलला, बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान मिळाले आणि १९९१ च्या गणतीत ते प्रमाण एकदम ११.१ टक्के झाले. दहा वर्षांत ४५ लाखांचे ८७ लाख! एवढी मुले जन्माला आली नव्हती. रकाना बदलला होता.

मिलिंदसारख्या महाविद्यालयांतून आपली पहिली पिढी पदवी घेऊन बाहेर पडली, तसतशी ती शिक्षक, कारकून, तलाठी झाली आणि शिक्षक म्हणून प्रगणकही झाली. पुढे माझ्यासारखे काहीजण पाहणीच्या कामात शिरले. सामाजिक शास्त्राची पदवी, हातात दुसरे काम नाही, आणि गावोगाव हिंडण्याची तयारी, एवढे भांडवल पुरे होते.

या कामातले अनुभव सांगितले पाहिजेत, कारण त्यांत पद्धतीचाच प्रश्न आहे. गावात उतरले की प्रथम सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला भेटावे, असा शिरस्ता. तेथे चहा येतो आणि चहाबरोबर आडनाव विचारले जाते. आडनावावरून उमगले नाही तर गाव विचारतात, गावावरूनही कळले नाही तर ‘साहेब, कोणत्या समाजाचे?’ उत्तर ऐकल्यावर कोणी उठवून लावीत नाही. तो काळ गेला. पण बोलणे आखडते. जमिनीचा आकडा मघाशी बारा एकर होता तो ‘असेल सात-आठ’ होतो. मजुरांना काय देता, या प्रश्नावर गृहस्थ गावाच्या एकोप्यावर बोलू लागतो.

आपल्या वस्तीत नेमके उलटे होते. मी ‘जय भीम’ घातला की म्हातारी आधी माझीच मुलाखत घेते. ‘कुठला रं लेकरा? कुणाचा?’ ते पटले, की तिचे उत्तर बदलते. परभणी जिल्ह्यातल्या एका वस्तीत एका आजीने आधीच्या पाहणीत वर्षभर काम मिळते असे लिहून दिले होते. मी विचारले, ‘आजी, वर्षभर एकाच्याच रानात कसं काय?’ तेव्हा तिने उचलीचा सगळा हिशेब सांगितला. मुलीच्या लग्नाला घेतलेली रक्कम, आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही हा करार. आधीच्या तक्त्यात ती बारमाही रोजगार असलेली स्त्री होती. माझ्या तक्त्यात ती बांधलेली मजूर झाली. बाई तीच, प्रश्नही तोच होता.

विटाळाचा प्रश्न विचारायचा तर तो कोणासमोर विचारता याला महत्त्व आहे. सरपंचाचा माणूस ‘घरं दाखवायला’ बरोबर असेल तर दलित वस्तीतही ‘आता तसलं काही राहिलं न्हाई’ असेच उत्तर येते. तो बिडी ओढायला बाजूला गेला, की हॉटेलातला वेगळा पेला, देवळाची पायरी, वरातीचा रस्ता, सगळे बाहेर पडते.

तिसरी गोष्ट कुलपाची. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात पाहणी निघाली, की या घरांना कुलूप. नियम सांगतो, घर बंद असेल तर ठरल्याप्रमाणे पुन्हा जा. तरी न मिळाल्यास बदली घर घ्या. बदली घर बहुधा गावात राहू शकणाऱ्याचे असते. असे दहा-वीस कुलपांनंतर त्या गावाची गरिबी कागदावर कमी होते. गाव सुधारले म्हणून नव्हे. गरीब माणूस फडावर होता म्हणून.

आता मोबदल्याचा विचार करू. मी काम केलेल्या एका खाजगी संस्थेत भरलेल्या प्रश्नावलीमागे पैसे मिळत. बंद घराला पैसे नाहीत, लांबच्या वस्तीला जादा भाडे नाही, आणि तीन महिन्यांचे बिल पाचव्या महिन्यात. अशा पद्धतीत अन्वेषक लांबची वस्ती टाळतो, यात नवल ते काय? आणि लांबची वस्ती कोणाची असते? गावाने जिला बाहेर घातले ती पाहणीच्या दरपत्रकातही बाहेर पडते.

विद्यार्थी मला विचारतात, ‘सर, या लाइनमध्ये काही भवितव्य आहे का?’ त्यांना मी मोकळेपणाने सांगतो. कायम नोकऱ्या आहेत, पण मोजक्या. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात अन्वेषक, सांख्यिकी सहायक अशी पदे आहेत. केंद्रात कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याचे पद कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून भरले जाते. त्यासाठी पदवीला संख्याशास्त्र हवे, किंवा बारावीला गणितात ६० टक्के. आपल्या मुलांना गणिताची भीती घालून कला शाखेकडे लोटले जाते, आणि येथे दार बंद होते. म्हणून संख्याशास्त्र शिका, असे मी आग्रहाने सांगतो. आकडा गोळा करणारा आणि आकड्याचा अर्थ लावणारा यांत जी दरी आहे, ती वर्णव्यवस्थेतल्या दरीची आठवण करून देणारी आहे. श्रम खाली, ज्ञान वर.

उरलेले प्रचंड काम कंत्राटी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ७ लाख २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. क्षेत्रीय संस्थांमार्फत नेमलेल्या हंगामी मुलींनी त्या घेतल्या. लाजेच्या, दुखण्याच्या, मारहाणीच्या गोष्टी बायका बाईलाच सांगतात, म्हणून स्त्री-अन्वेषकांना मागणी असते. पण मुक्कामाची सोय आणि सुरक्षितता यांविषयी करारात चार ओळीही नसतात. सरकारी नमुना पाहणीतही कंत्राटी अन्वेषक आले. पद ठेकेदाराकडे गेले की आरक्षण गेले, भविष्यनिर्वाह निधी बेभरवशाचा झाला आणि दाद मागण्याची जागाही गेली. कागदी प्रश्नावली जाऊन टॅब आला. त्यामुळे घरबसल्या फॉर्म भरण्याला आळा बसला, हे चांगले. पण अन्वेषकाची रोजची हालचाल मोजणारे यंत्र त्याची मजुरी मात्र वाढवीत नाही.

मग हे काम सोडून द्यावे काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. गुजरातेत नवसर्जन संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १५८९ गावांत हिंडून अस्पृश्यतेच्या प्रथांची नोंद केली आणि २०१० साली ती प्रसिद्ध झाली. ज्यांना विटाळ सोसावा लागतो त्यांच्यात ऊठबस असलेल्या माणसांनी विचारले, म्हणून ‘आता काही राहिले नाही’ या उत्तरामागचे खरे बाहेर आले. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणतीत देशाच्या ग्रामीण भागात हाताने मैला उचलण्यावर जगणारी सुमारे १ लाख ८० हजार कुटुंबे नोंदली गेली, आणि त्यांत सर्वांत जास्त, ६३ हजारांवर, महाराष्ट्रात. पुढे २०१३ व २०१८ च्या खास पाहण्या मिळून देशभरात ५८,०९८ माणसे ‘सापडली’. कुटुंबे जास्त आणि माणसे कमी! या गणिताचा अर्थ विचारणाऱ्याच्या इच्छेत शोधावा लागतो.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढील शिरगणतीत जातीची नोंद करण्याचा निर्णय घेतला आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली. १९३१ नंतर प्रथमच सर्व जाती मोजल्या जायच्या आहेत. १९३२ साली लोथियन समितीपुढे जे घडले त्याचा नवा अवतार आपल्यापुढे येणार, हे गृहीत धरून चालावे. कार्यकर्त्यांनी या वेळी मोर्च्याइतकेच लक्ष उंबऱ्याकडे द्यावे. वस्तीचा प्रगणक कोण, तो दिवसा येणार की मजूर परतल्यावर, ऊसतोडीला व वीटभट्टीला गेलेल्यांची नोंद कोठे होणार, हे आधी विचारावे. धर्माचा रकाना वेगळा, जातीचा वेगळा; १९९० नंतर बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीची नोंद जात नाही, हे घरोघर समजावून सांगावे. प्रगणक म्हणून नेमल्या जाणाऱ्या आपल्या शिक्षकांनी हे काम वेठ समजून उरकू नये. आणि संघटनांनी कंत्राटी अन्वेषकांची मागणी आपल्या ठरावांत घ्यावी: रोजावर ठराविक मजुरी, लांबच्या वस्तीचा भत्ता, स्त्रियांच्या मुक्कामाची हमी, ठेकेदाराच्या भरतीतही आरक्षण.

या मागण्या भाकरीच्या आहेत आणि सत्याच्याही आहेत. बंद घरापर्यंत दुसऱ्यांदा चालत जाण्याची मजुरी अन्वेषकाला मिळाली, तरच फडावरून परतलेल्या माणसाची नोंद होईल.